पड ठेवलेला किनारा

सरकारी माणसानं पहिलं वाक्य आयरिश सोडून इंग्रजीत उच्चारलं, तेव्हाच भिंतीला टेकलेला शेजारचा मिकलीन म्हणाला, "चला. आपलं काहीतरी जाणार."

चर्चच्या हॉलमध्ये ओल्या लोकरी कोटांचा वास कोंडला होता. खुर्च्या कमी पडल्यामुळे पुरुष मागे उभे होते. बार्ब्राला कडेची जागा मिळाली होती आणि तिचा नवरा बार्टली तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. समोर किनाऱ्याचा नकाशा टांगलेला. त्यावर काही पट्टे लाल रंगवले होते.

बाहेरची एक कंपनी यंत्राच्या होडीनं खडकांवरचं समुद्री शेवाळ कापणार होती. कोणाच्या पोटावर पाय येणार नाही, असं तो माणूस म्हणाला. कंपनीला भाड्यानं द्यायचे ते फक्त लाल पट्टे, म्हणजे जिथं कोणी कापतच नाही ते. हे काही सरकारनं मनानं ठरवलेलं नाही. टेक्निकल कॉलेजनं रीतसर पाहणी केली आहे.

बार्ब्रानं नकाशावर आपली खाडी शोधली. सीलखडकापासून धाकट्या खडकापर्यंतचा पट्टा लाल होता. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : पडीक.

बार्टलीनं टोपी काढून हातात घेतली. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. "साहेब, तो पट्टा आमचा. आम्ही तो पड ठेवलाय."

"तेच लिहिलंय," तो माणूस म्हणाला.

मागं कोणीतरी हसलं. बार्टलीनं टोपी परत डोक्यावर घातली.

किनाऱ्यावरची घरं हे शेवाळ कापून कारखान्याला विकतात. ते एकदा कापलं की परत हाताशी यायला चार वर्षं लागतात. त्यामुळे प्रत्येक घर आपल्या किनाऱ्याचे भाग पाडतं, एक कापतं आणि बाकीचे पड ठेवतं. पड ठेवलेल्या भागात कोणी पाय घालत नाही, दुसऱ्याचा असला तरी नाही. सीलखडकाच्या पट्ट्याची दोन वर्षं झाली होती, दोन राहिली होती. बार्टलीच्या घरचा सगळ्यात जाड शेवाळाचा पट्टा तोच. तो गेला तर उरलेल्या तीन तुकड्यांवर घर चालण्यासारखं नव्हतं. मग बॉस्टनला गेलेल्या दोन्ही पोरांच्या मागं जायचं, नाहीतर त्यांच्या पैशाच्या टपालाची वाट बघत बसायचं.

"ज्यांची हरकत आहे," सरकारी माणूस कागद आवरत म्हणाला, "त्यांनी कापणी चालू आहे असं दाखवावं. मार्चच्या उधाणानंतर निरीक्षक येतील."

दोघं चालत घरी निघाले. दाराशी आल्यावर बार्ब्रा म्हणाली, "क्विलिनन मास्तरांचं काम हे."

"हं."

"तू सांगितलं होतंस ना त्यांना? मी तिथंच होते."

"तूही होतीस," बार्टली म्हणाला.

कॉलेजचं आणि त्यांच्या घराचं नातं जुनं होतं. शहरात कॉलेज निघालं, तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी यायचंच. आधी यंत्रविभागाचे आले आणि गोठ्यामागं पवनचक्की उभी करून गेले. तिनं एक हिवाळा एक दिवा लावला, मग वादळात पाती गेली. खांब राहिला, त्याला बार्ब्रानं कपड्यांची दोरी बांधली. मग मासेविभागाचे निळी पिंपं घेऊन आले. त्यांच्या दोरांना शिंपले काही लागले नाहीत, पिंपांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मेंढ्यांच्या खुरांसाठी भुकटी आली. त्यावर मिकलीन म्हणायचा की मेंढी आता दुसऱ्या पायानं लंगडते, म्हणजे सुधारणा आहे. पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जाळायची सुधारलेली शेगडी आली. ती छान पेटायची, फक्त पश्चिमेचा वारा असला की घरात धूर भरायचा. त्या किनाऱ्यावर दुसरा वारा नव्हता.

"तुमच्या घराला पदवी द्यायला हवी," मिकलीन म्हणायचा. "सगळे विषय झालेत."

आलेल्या प्रत्येकाला बार्ब्रानं चहा दिला, अंडं दिलं, ताजा सोडा-पाव दिला. शेवाळाच्या पाहणीला आलेल्या क्विलिनन मास्तरांनाही दिला. मास्तर पूर्वेकडचे होते. त्यांचं आयरिश पुस्तकातून शिकलेलं. इस्त्री केलेल्या शर्टासारखं त्यांचं बोलणं. दुभाषा नको, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं. बार्टली म्हणाला, तो भाग पड ठेवलाय. मास्तरांनी वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलं, "पडीक आहे. बरोबर?" बार्टली क्षणभर थांबला आणि म्हणाला, "असंच म्हणा."

बाहेरचा माणूस कष्ट घेऊन आपली भाषा बोलतोय आणि आपण त्याची चूक काढायची, म्हणजे पाहुण्याचे घास मोजण्यासारखं. बार्ब्रानं तेव्हा त्यांच्या कपात आणखी चहा ओतला होता.

आता ती म्हणाली, "जाऊन सांगू या त्यांना. माणूस वाईट नाही."

*

त्या आठवड्यात कॉलेजचं संशोधन लोकांना बघायला खुलं होतं. बार्टलीनं चर्चला जायचा सूट घातला. बसमध्ये त्यानं हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. थंडीत त्याच्या बोटांच्या भेगा उघडायच्या आणि सुटाला रक्त लागायचं.

कॉलेजच्या मोठ्या दालनात टेबलं मांडली होती. एकावर पवनचक्कीची नवी कोरी छोटी प्रतिकृती पंख्याच्या वाऱ्यावर गरगर फिरत होती. पुढं शेगडी होती, तिच्यावर निळं फडकं आणि फुलं. मेंढीचा खूर बाटलीत ठेवलेला. शिंपल्यांचा दोर होता, त्याला भरगच्च शिंपले लटकलेले.

"हे कुठले?" बार्ब्रानं तिथल्या पोराला विचारलं.

"स्पेनचे," तो म्हणाला.

भिंतीवर एक मोठा फोटो होता. दोन हात, विळा, ओलं शेवाळ. खाली लिहिलं होतं, 'किनाऱ्यावरचे हात'. बार्टली त्याच्यासमोर उभा राहिला. डाव्या करंगळीचं पेर नव्हतं.

"तुझेच," बार्ब्रा म्हणाली.

"कळलं मला."

तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी दोघांचे हात धरले, त्याच इस्त्रीच्या आयरिशमध्ये क्षेम विचारलं, अंड्यांची आठवण काढली. बार्ब्रानं आडपडदा ठेवला नाही.

"मास्तर, तुम्ही आमच्या पट्ट्याला पडीक लिहिलंत. आमच्या माणसानं पड ठेवलाय म्हणून सांगितलं होतं."

मास्तर थांबले. "फरक आहे का?"

"पडीक म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही ते. पड ठेवलेला म्हणजे राखलेला."

"म्हणजे हे दोन शब्द आहेत?" मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून पेन काढलं. "हे फार मोलाचं आहे, बार्ब्रा. कोशात नाही हे. भाषाविभागाला कळायलाच हवं."

"ते कळू द्या. पण नकाशा?"

पेन तसंच हातात राहिलं. "नकाशा सरकारकडे गेला. आता तो आमचा राहिला नाही."

"तुम्ही सांगा ना, चूक झाली म्हणून."

"पाहणी संपली. पैसेही संपले तिचे. परत पाहणी निघाली तर नक्की." मग ते बार्टलीकडे वळले. आवाजात राग नव्हता, खरंच दुखावल्यासारखे वाटले. "मी तुला विचारलं होतं. तू हो म्हणालास."

"म्हणालो," बार्टली म्हणाला.

"का नाही सुधारलंस?"

बार्टली आपल्या बुटांकडे बघत होता. "तुम्ही एवढं बोलत होता आयरिश," तो म्हणाला.

मास्तरांनी पेन खिशात ठेवलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थोड्या वेळानं ते एका चष्मेवाल्या बाईला घेऊन आले. ती भाषाविभागाची. तिच्याकडे टेप होता. तिनं बार्टलीला खुर्ची दिली आणि माइक त्याच्या हनुवटीशी धरला.

"शब्द म्हणा."

"पड," बार्टली म्हणाला.

"आता वाक्यात."

बार्टलीनं बार्ब्राकडे पाहिलं. "किनारा पड ठेवलाय."

"सुरेख. पुन्हा एकदा, जरा सावकाश."

त्यानं पुन्हा सांगितलं. परत येताना बसमध्ये त्यानं डोळे मिटून घेतले होते. पण तो झोपला नव्हता, हे बार्ब्राला कळत होतं.

*

मार्चच्या उधाणाची ओहोटी लागली आणि सीलखडकाच्या पट्ट्यावरचं पाणी दूर गेलं. दोन वर्षांचं शेवाळ खडकांवर पसरलं होतं, गुडघ्याएवढं, पिवळट. पूर्ण वाढीचं असतं तर कमरेला लागलं असतं.

"कापायचं नाही हे," बार्टली म्हणाला. विळा त्याच्या हातातच होता.

"नाही कापलं तर कायमचं जाईल."

"माझ्या बापानं कधी—"

"तुझा बाप नकाशात नव्हता," बार्ब्रा म्हणाली आणि वाकली.

डाव्या हातानं मूठभर शेवाळ धरायचं, उजव्या हातानं खडकापासून वीतभर सोडून विळा मारायचा. मूठ मागं टाकायची. पुढचं धरायचं. पाणी हाडापर्यंत गार. थोड्या वेळानं बोटं आहेत की नाहीत ते कळत नाही. रक्त दिसलं की कळतं. बार्ब्रानं अंगठ्याच्या बेचक्यात लोकरीची चरबी चोळली होती, तरी तिथली जुनी भेग उघडली आणि खारं पाणी आत शिरलं. तिनं दात आवळले. वारा समोरून होता. पाऊस येत होता, जात होता, पुन्हा येत होता.

दुपारी मिकलीन वाटेवरून खाली आला.

"कामावर देवाचा हात असू दे," तो म्हणाला. काम करणाऱ्याजवळून हे म्हटल्याशिवाय कोणी पुढं जात नाही.

"तुझ्यावरही असू दे," दोघं म्हणाले.

मिकलीननं कापलेला भाग पाहिला. मग रस्त्याकडे पाहिलं. "फुकट चाललंय तुमचं."

"का?"

"पलीकडच्या खाडीत आला होता निरीक्षक. गाडीतून उतरला नाही. दुर्बीण लावली. तिथल्या नोरानं आपल्यासारखंच वीतभर ठेवून कापलेलं. त्याला वरून ते तपकिरीच दिसलं. कापलेलं नाही, असं लिहून गेला."

"तिनं सांगितलं नाही?"

"सांगितलं की. तो म्हणाला, बाई, मला काळा खडक दिसला पाहिजे."

बार्टली विळ्याची धार अंगठ्यानं बघत होता. "मुळापासून काढलं तर परत येत नाही, मिकलीन."

"मला काय शिकवतोस, बाबा. मी दुर्बीण नाही."

मिकलीन गेला. ओहोटीचं पाणी वळायला लागलं होतं. मग बार्टली खाली बसला, गुडघा खडकावर टेकला आणि कापून झालेल्या भागाच्या सुरुवातीला परत गेला. त्यानं वीतभराचे खुंट धरून विळा आडवा घातला. पातं दगडावर घासलं. तो आवाज बार्ब्रानं त्या किनाऱ्यावर कधी ऐकला नव्हता. शेवाळाला विळा लागतो तेव्हा ओल्या कापडासारखा आवाज येतो. हा दातांत जाणारा होता. खुंटांबरोबर बारीक गोगलगायी सुटल्या आणि टपटप पाण्यात पडल्या.

तिनंही तेच केलं. उधाण होतं तेवढे दिवस ते रोज खाली गेले. बार्टलीनं विळा इतक्यांदा घासला की पातं अर्धं राहिलं. तो बोलेनासा झाला. जेवताना त्याच्या हातातून बटाटा सुटायचा, तो बार्ब्रा सोलून त्याच्या ताटात ठेवायची.

कापलेल्याचा ढीग दोराच्या कड्यात रचायचा, भरती आली की तो तरंगतो, मग त्यावर उभं राहून बांबूनं रेटत धक्क्यावर न्यायचा, ही रीत. पण शेवाळाला तरंगवणारा हवेचा फुगा वर्षाला एकच धरतो, आणि हे दोनच वर्षांचं. ढीग नीट तरंगेना. बार्टली त्यावर उभा राहिला तसा तो खाली गेला. आधी गुडघे भिजले, मग मांड्या. खाडीच्या मध्यावर तो कमरेपर्यंत पाण्यात होता आणि बांबू रेटत होता. काठावरून बघणाऱ्याला वाटलं असतं, माणूस समुद्रातून चालत येतोय.

कारखान्याचा लॉरीवाला धक्क्यावर सिगारेट ओढत उभा होता. त्यानं शेवाळाची एक फांदी उचलली, फुगे पाहिले आणि खाली टाकली.

"हे काय, बार्टली? पाळण्यातून उचलून आणलंस?"

बाकीचे हसले. बार्टलीच्या विजारीतून पाणी निथळत होतं. "घेणार आहेस की नाही?" तो म्हणाला.

"घेतो. निम्म्या भावानं."

निरीक्षक आला तेव्हा ऊन पडलं होतं. त्यानं रस्त्यावर गाडी थांबवली, काच खाली केली. सीलखडकापासून धाकट्या खडकापर्यंत सगळा किनारा काळा, सोललेला, चमकत होता.

"छान," निरीक्षक म्हणाला आणि कागदावर खूण केली. काच वर गेली.

पट्टा लाल यादीतून निघाला. मिकलीन बाटली घेऊन आला. बार्टलीनं त्याला पेला दिला, स्वतः घेतला नाही.

*

उन्हाळ्यात कॉलेजचीच एक मुलगी आली. पर्यावरण हा विभाग नवा निघाला होता. तिचं नाव फिडेल्मा. तिच्याकडे तारेची एक चौकट होती. ती खडकावर ठेवायची आणि आतलं मोजायची. सीलखडकाच्या पट्ट्यावर तिला मोजायला काही सापडेना. पावसात भिजून ती बार्ब्राच्या दाराशी आली. बार्ब्रानं तिचा कोट शेगडीजवळ टांगला, चहा ठेवला, अंडं उकडलं.

"खाली कोणी केलं हे?" मुलीनं विचारलं.

"आम्ही."

मुलीनं चमचा खाली ठेवला. "मुळापासून गेलंय, बाई. परत यायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. आलं तर."

"माहीत आहे."

"मग का?"

बार्ब्रानं सांगितलं. मास्तर, तो शब्द, नकाशा, दुर्बीण, सगळं. पाव कापता कापता सांगितलं, आवाज न चढवता. मुलगी नीट ऐकत होती. तिचा चहा गार झाला. शेगडीतून धूर आला तसे तिचे डोळे चुरचुरले, तरी ती हलली नाही.

"हे लिहिशील का तू?" बार्ब्रानं विचारलं.

मुलीनं खिडकीकडे पाहिलं. "मला येणार नाही लिहिता. माझ्या तक्त्यात शेवाळ आहे. किती आहे, किती गेलं. का गेलं, तो वेगळ्या विभागाचा विषय."

"कोणत्या?"

मुलीनं विचार केला. "अजून निघालेला नाही," ती म्हणाली.

बार्ब्रानं तिला निघताना सहा अंडी कागदात बांधून दिली. मुलगी प्रामाणिक होती. तिनं छापलेल्या अहवालाची प्रत पाठवली, शेवटच्या पानावर आभार मानले होते. आत सीलखडकाच्या पट्ट्याचा फोटो होता. स्थानिक लोकांच्या बेसुमार कापणीचा नमुना म्हणून तो घेतला होता.

बार्टलीनं तो फोटो दिव्याखाली धरून पाहिला. "ह्यात हात नाहीत," तो म्हणाला.

*

पानगळ सुरू झाली तेव्हा कौन्सिलची गाडी अंगणात येऊन थांबली. दोन माणसं उतरली. बार्ब्रा कपडे वाळत घालत होती.

"तो खांब कॉलेजचा ना, बाई?" त्यातल्या थोरल्यानं विचारलं.

"हो. पवनचक्कीचा."

"तो घेऊन जायला सांगितलंय. अहवाल आलाय ना, खाली फलक लावायचाय."

त्यांनी दोरीची गाठ हलक्या हातानं सोडली, ओले कपडे उचलून तिच्या टोपलीत ठेवले, दोरीची गुंडाळी करून तिच्या हातात दिली. रीतभात सोडून काही केलं नाही. खांब उपटून निघाला तिथं पाणी साचलं.

ती टोपली घेऊन त्यांच्यामागं खाली गेली. बार्टली आधीच वाटेवर उभा होता. माणसांनी सीलखडकाच्या वरच्या बाजूला मातीत खड्डा खणला, खांब उभा केला, भोवती दगड ठोकून बसवले. आता बार्टलीनं म्हणायला हवं होतं. बार्ब्रा वाट बघत राहिली. एक दगड बसला, दुसरा बसला.

"कामावर देवाचा हात असू दे," बार्टली म्हणाला.

"तुझ्यावरही, बाबा," थोरला म्हणाला.

फलक हिरवा होता. वर आयरिश, खाली इंग्रजी. धाकटा माणूस पांढऱ्या रंगानं अक्षरं ठळक करत होता. पाच वर्षं कोणी कापू नये. त्यानंतर समितीचा परवाना घ्यावा. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात : पड ठेवलेला किनारा.

"आयरिश नीट आहे का बघा जरा," थोरला म्हणाला. "लोक नावं ठेवतात नंतर. वरचा शब्द कॉलेजच्या नव्या कोशातून घेतलाय म्हणे. काही चूक असेल तर आत्ताच सांगा, रंग ओला आहे तोवर."

धाकट्यानं कुंचला थांबवला. बार्टली फलकाजवळ गेला. त्यानं पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत, बोट रंगापासून जरासं दूर धरून. शेवटपर्यंत गेला. परत वरच्या ओळीवर आला आणि तिथं थांबला. खाली काळ्या खडकांवर भरतीचं पाणी चढत होतं. त्याला अडवायला काहीच नव्हतं.

"नाही," बार्टली म्हणाला. "चूक काही नाही."

कुंचला पुन्हा चालू लागला. बार्ब्रानं टोपली कमरेवर घेतली आणि वर आली. दोरी बांधायला आता काही नव्हतं. तिनं त्याचा सदरा दगडी कुंपणावर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही बाह्यांवर एकेक धोंडा ठेवला.